बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील मुलांना बारावीनंतरचे मार्गदर्शन कोठे मिळेल?

शिक्षिका, खानापूर: आमच्या मराठी शाळेतून शिकून गेलेली काही मुले यंदा द्वितीय पीयूसीला, म्हणजे बारावीला, आहेत. परवा एका मुलीने प्लास्टिकच्या पिशवीतून सगळे दाखले काढून माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, "बाई, यातला कुठला लागतो?" घरात महाविद्यालयात जाणारी ती पहिलीच आहे. प्रवेश आणि पैसा, दोन्हींसाठी तिला काय सांगावे?

उत्तर १: बाई, अभियांत्रिकीसाठी कर्नाटकाची केसीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावीच. पहिली ते दहावी राज्यातील ग्रामीण भागात शिकलेल्यांना त्यात १५ टक्के आरक्षण आहे; त्यासाठी शाळेचा अभ्यास दाखला आताच तयार ठेवावा. मात्र महाराष्ट्राचा पर्यायही सोडू नये. तेथील अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र पात्रता प्रकार आहे. तरीही एमएचटी-सीईटी ही महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि सीमाभागातील रहिवासाचा व मातृभाषेचा दाखला ठरावीक नमुन्यातच लागतो. आमच्या घरी नमुना चुकला, आणि नवा दाखला मिळेपर्यंत पहिली फेरी निघून गेली, याची हळहळ अजून वाटते.

उत्तर २: शिष्यवृत्तीसाठी कर्नाटक राज्याच्या एसएसपी (स्टेट स्कॉलरशिप पोर्टल) संकेतस्थळावर अर्ज करावा. नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून, मिळणाऱ्या जात व उत्पन्न दाखल्यावरचा आरडी क्रमांक तेथे भरावा लागतो. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर रक्कमही अडकते, म्हणून ते आधी तपासा.

शिक्षिका, खानापूर: मनापासून आभार. रविवारी तिच्या वडिलांना भेटून दाखल्यांवरची नावे एकसारखी आहेत का, ते पाहते.