क्रिएटिनिन 3.4, बाबांना गुडघेदुखीवर कोणती गोळी चालेल?

वाईची लेक: बाबा 62 वर्षांचे, शुगर बीपी जुनं. मागच्या आठवड्यात किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन 3.4 आलं, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) 19, डॉक्टर म्हणाले किडनीच्या आजाराची चौथी स्टेज. गुडघे इतके दुखतात की रात्री झोप नाही, मग मेडिकलमधून आणलेली गोळी घेतात, अधूनमधून, पण घेतात. इन्सुलिन तेवढंच चालू आहे आणि परवा पहाटे घाम फुटून शुगर 58 वर उतरली! खूप घाबरलेय हो.

साताराकर: ताई, आधी त्या गोळीची पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यातलं काही असेल तर आजपासून बंद, ही दुखण्यावरची औषधं किडनीला घातक. माझ्या आईला पॅरासिटामॉलची म्हणून दिलेली गोळी निघाली असेक्लोफेनॅक मिक्स, चार दिवसांत पायावर सूज आली. साधी पॅरासिटामॉल सहसा चालते, पण दिवसाला किती ते नेफ्रोलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरांना) विचारूनच.

गोळ्यांचा डबा: मी फार्मसिस्ट आहे. 58 ची गोष्ट जास्त काळजीची वाटते मला. किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं, त्यामुळे जुना डोस आता जास्त होतो, आजच डॉक्टरांना फोन करा. शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तेही सांगा, ईजीएफआर 30 च्या खाली गेला की ती थांबवतात. पुन्हा शुगर उतरली तर साखरपाणी द्या, मोसंबीचा रस नको, त्यात पोटॅशियम असतं. आणि घरात बीपीसाठी म्हणून लो सोडियम मीठ आणलंय का? त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घालतात, बाबा बीपीची टेल्मिसार्टन गोळी घेत असतील तर पोटॅशियम आणखी चढतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. टेल्मिसार्टन मात्र मनाने सोडू नका, उलट्या जुलाब झाले तर लगेच विचारा.

वाईची लेक: मीठ तेच आहे!! मीच आणलं होतं, चांगलं म्हणून. मेटफॉर्मिन पण चालूच आहे. आणि शेजारच्या काकांनी दिलेली कसलीशी भस्माची पुडी आहे, ती औषधात धरायची का?

साताराकर: धरायचीच, आणि बंदच ठेवा, काही भस्मांत पारा शिसं असतं. मीठ, पुडी, मलम, अ‍ॅसिडिटीची पावडर, सगळं एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता, आम्ही तेच केलं. अजून एक, बाबा उजव्या हाताने लिहीत असतील तर रक्त काढायला, सलाईनला डावा हात देऊ नका, पुढे डायलिसिस लागलंच तर फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडतात ती) बहुतेक त्याच हातावर करतात. आमच्या आईच्या डाव्या हाताच्या शिरा तोवर टोचून टोचून गेल्या होत्या.

वाईची लेक: फोन केला, उद्या 11 ला बोलावलंय. पिशवी भरतेय.