घरातला रबरबँड आणि चिकटपट्टी रोबोटला चालते का?

प्रश्न (पालक, नाशिक): माझ्या मुलीचा संघ यंदा फर्स्ट लेगो लीग या मुलांच्या रोबोट स्पर्धेच्या चॅलेंज गटात उतरत आहे. रोबोटच्या हाताची पकड वाढावी म्हणून मुलांनी टोकाला घरचा रबरबँड गुंडाळला आहे आणि एक सैल सांधा चिकटपट्टीने बांधला आहे. हे नियमात बसते का?

उत्तर (प्रशिक्षक): नाही, दोन्ही काढावे लागतील. रोबोट व त्याची उपांगे (त्याला जोडायचे हातासारखे भाग) लेगोनेच बनवलेल्या, मूळ स्थितीतील भागांची असावी लागतात. लेगोचा दोरा आणि नळी आखूड कापण्याची तेवढी मुभा आहे. पकडीसाठी लेगोचेच रबरबँड किंवा टायर वापरावेत, आणि सैल सांध्यावर दोन पिनांनी आडवा बीम (लेगोची भोकांची पट्टी) बसवावा, तो चिकटपट्टीपेक्षा कितीतरी भक्कम ठरतो. पुठ्ठा, बाटल्या वगैरे घरगुती साहित्य नवोपक्रम प्रकल्पाच्या (याच स्पर्धेतला, एखाद्या समस्येवर उपाय सुचवण्याचा भाग) प्रतिकृतीसाठी खुशाल वापरा; मुलांची कल्पकता तिथे खरी खुलते.

उत्तर (माजी स्पर्धक): एका स्पर्धेचा नियम दुसरीला लावू नये. व्हेक्स व्ही५ या दुसऱ्या रोबोट स्पर्धेत ३२ आणि ६४ क्रमांकाच्या मापाचे रबरबँड चालतात, म्हणून ते इथेही चालतील असे मुले धरून चालतात. चालू हंगामाची नियमपुस्तिका आणि नंतर निघालेले खुलासे मुलांनीच वाचावेत, आणि तरीही शंका उरल्यास आयोजकांना लेखी विचारावे.