मदत हवी आहे: जावामधून पाठवलेलं लिस्प फंक्शन पुढच्या कॉलला सापडत नाही

नमस्कार मंडळी. नाशिकला निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांच्या फवारणीच्या नोंदी अ‍ॅलेग्रोग्राफ या ग्राफ डेटाबेसमध्ये ठेवल्या आहेत. ऑक्टोबर छाटणीपासूनचे दिवस आणि शेवटच्या फवारणीपासूनचं अंतर सर्व्हरवरच काढायचं आहे. हजारो ट्रिपल (त्या डेटाबेसमधल्या तीन भागांच्या नोंदी) जावाकडे ओढून मग मोजणं मला पटत नाही.

जावा क्लायंटच्या कनेक्शनवरून इव्हॅलइनसर्व्हर (पाठवलेला लिस्प कोड सर्व्हरवर चालवणारी मेथड) वापरतो. युजरला इव्हॅल परवानगी दिलेली आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. (+ २ २) पाठवलं की ४ येतात. डीफनने (लिस्पमध्ये फंक्शन डिफाइन करायची आज्ञा) फंक्शन पाठवलं तर त्याचं नावही परत येतं. पण लगेच दुसऱ्या कॉलमध्ये तेच फंक्शन बोलावलं की ते डिफाइनच नाही म्हणून एरर! कधी कधी मात्र चालतं, त्यामुळे विनंती दर वेळी वेगळ्या प्रोसेसकडे जात असावी असा माझा अंदाज आहे.

पॅकेजचा (लिस्पमधल्या नावांच्या कप्प्याचा) घोळ नाही, दोन्ही कॉलमध्ये पॅकेजचं नाव छापून पाहिलं, एकच आहे. डीफन आणि कॉल एकाच प्रॉग्नमध्ये (अनेक आज्ञा एकापाठोपाठ चालवणारा लिस्पचा कंस) घातले की उत्तर बरोबर येतं. पण दोनशे ओळींचा कोड प्रत्येक बागेसाठी पुन्हा पाठवणं जड होतंय.

सर्व्हर माझ्या ताब्यात नाही. शेल नाही, सुपरयुजर नाही, कॉन्फिग फाइलला हात लावता येत नाही. जे काही करायचं ते जावातूनच.

बिगिन करून (ट्रान्झॅक्शन सुरू करून) फक्त माझ्या कनेक्शनसाठी स्वतंत्र सेशन उघडलं, तर कमिटनंतरही फंक्शन त्याच सेशनमध्ये टिकतं का? आणि सेशनची मुदत संपली, हे पुढचा कॉल फसण्याआधी जावातून कसं ओळखायचं?