भिजत घोंगडं, गुऱ्हाळ की काथ्याकूट? ब्रेक्झिटला मराठीत नेमकं काय म्हणायचं

लेस्टरवाला (२८ ऑक्टोबर २०१९, पाडवा)

काल इथे इंग्लंडमध्ये घड्याळं एक तास मागे केली आणि आज ब्रेक्झिट तीन महिने पुढे गेलं. पाडव्याची सुट्टी टाकली होती, पुण्याला आईशी फोनवर बोलत होतो तेवढ्यात बातमी आली, ३१ ऑक्टोबर रद्द, आता ३१ जानेवारी. आई म्हणाली, "काय रे ते भिजत घोंगडं तुमचं!" स्पीकर चालू होता, बायको स्वैपाकघरातून ओरडली, घोंगडं कसलं आई, गुऱ्हाळ म्हणा गुऱ्हाळ. (माहेर कोल्हापूर.) त्यावरून चिवड्याच्या बशीवर अर्धा तास वाद, म्हणून हा धागा.

आधी माझा वैताग ऐका. जून २०१६ ला युरोपियन युनियन सोडायची का यावर सार्वमत झालं, सोडा म्हणणारे ५२ टक्के, नको म्हणणारे ४८. मार्च २०१७ ला तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे बाईंनी कलम ५० ची, म्हणजे बाहेर पडायची नोटीस दिली, म्हणजे नवीन घर बघायच्या आधीच जुन्या घरमालकाला दोन वर्षांत जागा सोडतो म्हणून लिहून दिलं. मग कोणी सांगितलं नसताना निवडणूक घेतली आणि होतं ते बहुमत घालवलं. बाहेर पडायचा करार आणला तो संसदेत या जानेवारीत २३० मतांनी आपटला, १२ मार्चला परत आणला तर १४९ नी, २९ मार्चला ५८ नी. मधेच खासदार म्हणाले थांबा, आम्हीच ठरवतो, आणि २७ मार्चला आठ पर्यायांवर मतदान केलं, आठही नापास! काय नको ते आठ वेळा सांगितलं, काय हवं ते एकदाही नाही. अजून हायवेवर ३१ ऑक्टोबरची तयारी करा म्हणून सरकारी बोर्ड झळकतायत.

तर प्रश्न असा की घोंगडं आणि गुऱ्हाळ यात फरक काय, आणि इथे कुठला शब्द बसतो?

अनुवादकाकू

दोन्ही बसतात पण वेगवेगळ्या महिन्यांना. घोंगडं भिजलं की इतकं जड होतं की पांघरता येत नाही, घडी घालता येत नाही, लवकर वाळतही नाही. आणि ते कुणीतरी भिजत ठेवलेलं असतं, यात कर्ता लपलेला आहे हे लक्षात घे. गुऱ्हाळात उलट, सगळे घाम गाळत असतात, आवाज, धूर, पण निष्पन्न काय ते दिसत नाही. गेल्या डिसेंबरात मे बाईंनी मतदान आदल्या दिवशी पुढे ढकललं, ते भिजत घोंगडं. मार्चमधली तुझी ती आठ मतदानं म्हणजे गुऱ्हाळ.

लेस्टरवाला

काकू, बायको भडकलीये. तिचं म्हणणं जसंच्या तसं टाइप करतो: "निष्पन्न दिसत नाही म्हणणारे कधी गुऱ्हाळावर गेलेत का? संध्याकाळपर्यंत गुळाचे रवे रांगेत लागतात. चुलवाणावर काहील चढली की गुळव्याची नजर हटत नाही, मळी काढतो, पाक बोटांनी बघतो, आणि नेमक्या क्षणाला काहील उतरवतो, जरा उशीर झाला की गूळ करपला. तुमच्या लंडनात ऊस गाळणारे साडेसहाशे खासदार आहेत, गुळव्या एकही नाही." मी आपला गप्प बसून करंजी खातोय.

बागायतदार (गुहागर)

वहिनींना पूर्ण पाठिंबा, आणि हाच अन्याय आमच्या काथ्याकुटावर झालाय. चर्चा फुकट गेली की पेपरवाले लगेच लिहितात काथ्याकूट. अहो नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोनमहिने कुजत घालायची, मग काढून कुटायची, तेव्हा कुठे काथ्या सुटा होतो आणि सुंभ वळता येतो. काम रटाळ आहे, हात सोलवटतात, पण फुकट नाही. शब्द ज्यांनी केला ते बहुतेक लांब उभे राहून नुसता आवाज ऐकणारे असणार. बाकी सुंभ जळला तरी पीळ जात नाही हे मात्र तुमच्या तिकडच्या काही खासदारांना बघून पटतं, साम्राज्य जाऊन इतकी वर्षं झाली.

पंखा_बंद_आहे

ते सगळं राहू दे दादा, बॅकस्टॉपला मराठीत काय म्हणायचं ते सांगा. दोन वर्षं पेपरात वाचतोय, अजून डोक्यात शिरत नाही.

लेस्टरवाला

सोपं करून सांगतो. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, बाकीचं आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये, मधे पाचशे किलोमीटरची सीमा. १९९८ च्या शांतता करारानंतर तिथली लष्करी ठाणी वगैरे गेली, लोक सकाळी दूध आणायला पलीकडे जाऊन येतात. ब्रिटन कस्टम्स युनियनमधून बाहेर पडलं तर तिथे परत नाके आले, आणि ते कोणालाच नकोत. म्हणून मे बाईंच्या करारात लिहिलं की दुसरा तोडगा निघेपर्यंत अख्खं ब्रिटन तात्पुरतं युरोपच्या कस्टम्सच्या नियमांत राहील. हा बॅकस्टॉप. मला 'टेकू' शब्द सुचतो.

पंखा_बंद_आहे

म्हणजे गल्लीत क्रिकेट खेळताना कीपरच्या मागे धाकट्या भावाला उभा करायचो तसं? तो टीममध्ये नसायचा, लिंबूटिंबू, पण कीपरकडून सुटला तर बॉल गटारात जायला नको म्हणून.

अनुवादकाकू

अगदी तसंच! क्रिकेटमधला लाँगस्टॉप तोच. पण लिंबूटिंबू सरकारी मसुद्यात कसा लिहिणार बाबा, 'टेकू' चालेल. टेकूची गंमत अशी की तात्पुरता म्हणून लावतात आणि मग काढायचं धाडस कुणी करत नाही. तिथल्या खासदारांची भीती नेमकी हीच होती. आता नवे पंतप्रधान बोरिस जॉन्सनने या महिन्यातल्या नव्या करारात टेकू काढला म्हणे, आणि भिंतच उचलून आयरिश समुद्रात नेऊन ठेवली.

शब्दांचंच चाललंय तर आणखी एक. सप्टेंबरात जॉन्सनने संसदेचं सत्र मधेच संपवलं, तेव्हा संसद स्थगित केली, बरखास्त केली, गुंडाळली असं काहीही छापून येत होतं. आपल्या संविधानाच्या मराठी प्रतीत याला 'सत्रसमाप्ती' असा स्वच्छ शब्द आहे, आणि 'विसर्जन' वेगळं. (हिंदीत सत्रावसान.) अर्थात सप्टेंबरमधली ती सत्रसमाप्ती त्यांच्या सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने बेकायदा ठरवली, म्हणजे सत्र संपलंच नव्हतं. झाली नाही त्या समाप्तीला काय म्हणायचं, मला विचारू नका.

वाचनमात्र_होतो

एक शंका. सरकारविरुद्ध मत देणाऱ्या सत्ताधारी पक्षाच्याच "२१ खासदारांचा व्हिप काढून घेतला" असं वाचलं. आपल्याकडे व्हिप बजावतात, काढून कसा घेतात?

अनुवादकाकू

छान प्रश्न. आपल्याकडे व्हिप दोन. माणूस असेल तर 'प्रतोद', आदेश असेल तर 'पक्षादेश'. प्रतोद म्हणजे संस्कृतात जनावरं हाकायचा चाबूक. इंग्रजांचा शब्द शिकारीतून आला, कोल्ह्यामागे सोडलेली कुत्री भरकटू नयेत म्हणून चाबूक घेऊन फिरणारा माणूस असायचा, त्यावरून. पण तिकडे तिसरा अर्थही आहे, व्हिप म्हणजे पक्षाच्या कळपात असणं. तो काढून घेतला की खासदारकी राहते, संसदेत तुम्ही त्या पक्षाचे राहत नाही. चर्चिलचा नातू निकोलस सोम्सही गेला त्यात. या तिसऱ्या अर्थाला मराठी शब्द नाही, 'कळपाबाहेर काढलं' म्हणा किंवा सरळ 'वाळीत टाकलं'.

स्विंडनचो_गोंयकार

देव बरें करूं. उशिरा आलो. सगळे चर्चिल आणि चाबकावर बोलतायत, माझा शब्द साधा आहे, 'सेटल'.

आमचे पणजोबा पोर्तुगीज अमदानीत जन्मले, आजोबाही, त्यामुळे माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट. स्विंडनमध्ये आमच्यासारखे ढिगाने आहेत. २०१६ ला मला मत नव्हतं, कारण मी युरोपियन. माझ्या खालच्या मजल्यावर नाशिकचा एक मुलगा नुकताच आला होता, भारतीय पासपोर्ट, तो कॉमनवेल्थवाला म्हणून त्याला मत! मी कर भरणारा आणि बाहेर पडायचं की नाही हे तो ठरवणार. त्याने मलाच विचारलं कशावर शिक्का मारू.

तर आता आम्हा युरोपियन पासपोर्टवाल्यांसाठी 'सेटल्ड स्टेटस' आलाय, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना. पाच वर्षं सलग राहिल्याचं दाखवता आलं तर सेटल्ड, नाहीतर प्री-सेटल्ड. मी मधे दोन वर्षं म्हापशाला होतो बाबांच्या आजारपणात, म्हणून मी प्री-सेटल्ड. आमची आई गेली सहा वर्षं सगळ्यांना सांगते झील इंग्लंडात सेटल झाला, पोरीवाल्यांनाही तेच सांगितलंय. तिला मी प्री-सेटल्ड कसं समजावू?

अनुवादकाकू

अरे देवा. मराठीतलं 'सेटल' म्हणजे नोकरी, फ्लॅट आणि लग्न, याच क्रमाने. सरकारी कागदाशी त्याचा संबंध नाही. आईला काही सांगू नकोस.

पंखा_बंद_आहे

इथे महाराष्ट्रात २४ तारखेला विधानसभेचा निकाल लागला, युतीकडे बहुमत आहे तरी मुख्यमंत्री ठरेना, आणि आपण लंडनचं घोंगडं वाळत घालतोय. याला कुठला शब्द?

बागायतदार

त्रांगडं. पण त्याचा धागा वेगळा काढा, इथे राजकारण नको 😀

लेस्टरवाला (२९ ऑक्टोबर, रात्री उशिरा)

ताजी खबर. आज संध्याकाळी ४३८ विरुद्ध २० मतांनी ठरलं, १२ डिसेंबरला निवडणूक. आणि त्या २१ वाळीत टाकलेल्यांपैकी दहा जणांना परत घेतलं, भाऊबीज पावली म्हणायची.

बायकोला सांगितलं तर ती मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "बरोबर आहे, दिवाळी झाली की आमच्याकडे पण गुऱ्हाळं पेटतात."