एम.ए. मराठीच्या वर्गात इलेक्ट्रॉनिक साहित्य कसं आणावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात एम.ए. मराठीला शिकवते. मुलं खानापूर, निपाणी, येळ्ळूरकडून येतात. या सत्रात त्यांना इलेक्ट्रॉनिक साहित्य वाचायला द्यायचं आहे आणि त्यांच्याकडून लिहूनही घ्यायचं आहे. पीडीएफ किंवा ई-बुक मला अभिप्रेत नाही. वाचकाने काही केल्याशिवाय जे पुढे सरकत नाही, कागदावर छापताच येत नाही, असं लेखन.

वाचायला काय द्यावं इथेच पहिली अडचण. मायकेल जॉइसची ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ ही दुव्यांवरून वाचत जायची कथा १९८७ची, इंग्रजीत, वर विकतची. इलेक्ट्रॉनिक लिटरेचर ऑर्गनायझेशनचे संग्रह फुकट आहेत, पण जुन्या खंडांतलं बरंच काम फ्लॅश या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं आणि फ्लॅश २०२०च्या अखेरीस बंद झालं. मराठीत असं काही कुणी केलं असेल तर कृपया दुवा द्या. मला सगळ्यात जास्त गरज त्याचीच आहे.

निक माँटफर्टची ‘तारोको गॉर्ज’ (२००९) मात्र वर्गात चालेल असं वाटतं. छोटासा प्रोग्रॅम निसर्गकविता न थांबता रचत राहतो. त्यातले शब्द बदलून अनेकांनी आपापल्या कविता केल्या आहेत. आम्ही कणकुंबी, मलप्रभा, वळीव, ऊस असे शब्द घालून पाहिले, तर पडद्यावर आलं ‘मलप्रभा वाहतो’, ‘वळीव कोसळते’! इंग्रजीत कोणतंही नाम कुठेही बसतं, आपल्याकडे क्रियापद लिंग पाहतं. पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी अशा वेगळ्या याद्या कराव्यात, की लिंगाप्रमाणे न बदलणारी वाक्यंच घ्यावीत? पहिल्या वाटेनं गेलं तर व्याकरणाचा तासही त्यातच होईल.

गोष्टींसाठी ट्वाइन घेतलंय, म्हणजे वाचक दुवे निवडत पुढे जातो अशा गोष्टी लिहिण्याचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, देवनागरी नीट चालते, दुहेरी चौकोनी कंसात शब्द लिहिला की दुवा तयार. पण ते ब्राउझरमध्ये वापरलं तर गोष्ट त्या ब्राउझरमध्येच साठते. लॅबमध्ये कुणी ब्राउझर साफ केला की संपलं! म्हणून तास संपताना एचटीएमएल फाइल उतरवून स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला लावते. बहुतेकांकडे फक्त फोन आहे, आणि त्या पडद्यावर गोष्टीच्या तुकड्यांच्या चौकटींचा नकाशा सरकवणं जिकिरीचं होतं. यावर काही सोपी युक्ती?

निपाणीची एक विद्यार्थिनी आजीच्या तंबाखूच्या वखारीतला एकच दिवस लिहितेय. कोणत्या बाईच्या मागे जायचं ते वाचकानं ठरवायचं. ती विचारते, “मॅडम, आजीच्या शेजारची बाई कन्नडच बोलायची. तिला मराठीत कसं बोलायला लावू?” तिचं बोलणं कन्नड लिपीत ठेवून त्यावर बोट ठेवलं की मराठी उमटावं, असं तिच्या मनात आहे. मला ही कल्पना फार आवडली. ट्वाइनमध्ये हे कसं करायचं, कुणी पायरीपायरीनं सांगेल का?

आणि गुण कसे द्यायचे? दोन परीक्षकांनी वेगळ्या वाटा निवडल्या तर दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी वाचलेल्या असणार. गोष्टीचा तो चौकटींचा नकाशाही जोडून मागवावा असा माझा विचार आहे. ज्यांनी असं काही तपासलंय त्यांचा अनुभव हवा आहे.