घरची उपासना कशी चालवता? सेवकांच्या घरांसाठी अनुभव धागा

प्रभूमध्ये सलाम.

पाळक, सुवार्तिक, मिशन शाळेतले शिक्षक, मिशन दवाखान्यातल्या परिचारिका यांच्या घरांत दिवेलागणीनंतर सतरंजी पडते आणि शास्त्र उघडलं जातं. बाहेर मंडळीसाठी दिवसभर राबणाऱ्या या घरांत तीच वेळ सगळ्यांत आधी निसटते, म्हणून हा धागा. साक्षी आपण मंडळीत देतोच. इथे कृती लिहा: कोणता उतारा, किती वेळ, काय बिघडतं आणि का.

सुरुवात मी करते. एकूण वीस मिनिटं पुरतात. एक गीत, दहा-बारा वचनं (शास्त्रातल्या क्रमांकित ओळी), त्यावर पाच मिनिटं बोलणं, दोघा-तिघांच्या छोट्या प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. वेळ जेवणाआधीची धरा. जेवणानंतर लहान मुलं पेंगतात आणि मोठ्यांचा हात फोनकडे जातो. घड्याळापेक्षा कामाला बांधलेली वेळ टिकते, म्हणजे कुकर उतरला की सतरंजी.

बहुतेक घरांत उपासना मोडते ती लांबलेल्या प्रार्थनेमुळे. रविवारच्या उपदेशाची तालीम घरच्यांवर होऊ लागली की मुलं सतरंजीपासून दूर पळतात. शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकात, ६:७ मध्ये, मुलांना शिकवण्याच्या वेळा सांगितल्या आहेत: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. सगळं त्या वीस मिनिटांतच कोंबायचं नाही. बाकीचं शाळेच्या वाटेवर होतं.

संडे स्कूल शिक्षिका, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर)

सुरुवातीला मार्कचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय, घटना भराभर पुढे सरकणाऱ्या, भाषणं कमी. रोज बारा वचनं घेतली तर दोन महिन्यांत संपतो. त्यानंतर रूथ (४ अध्याय), मग योसेफाची गोष्ट (उत्पत्ती ३७ पासून ५० पर्यंत, ३८ वा अध्याय मुलं मोठी झाल्यावर). नीतिसूत्रांचे ३१ अध्याय महिन्याच्या तारखांशी जुळतात, पण लहान मुलांसमोर अख्खा अध्याय वाचू नका. त्यातलं एकच सूत्र निवडा आणि दिवसभर तेच बोलण्यात येऊ द्या.

मोठ्यांनी वर्षात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचायचं असेल तर हिशेब सोपा आहे. एकूण अध्याय ११८९. रोज तीन आणि रविवारी पाच धरले की आठवड्याला २३ होतात आणि ५२ आठवड्यांत वाचन पूर्ण होतं. एक जानेवारीला सुरू केलेलं वाचन जानेवारीच्या अखेरीस लेवीय या पुस्तकात शिरतं, आणि बहुतेकांची गाडी तिथे ते पुढचं गणना पुस्तक या टप्प्यात अडते. लेवीय वाचताना शेजारी इब्री लोकांस पत्राचा ९ वा आणि १० वा अध्याय ठेवा. यज्ञांची ती सगळी मांडणी कशासाठी होती ते तिथे उलगडतं. दोन दिवस चुकले तर चुकलेले अध्याय सोडून आजच्या पानावर या. थकबाकी फेडायला बसणारा माणूस आठवड्याभरात वाचन बंद करतो.

शब्दांचं म्हणाल तर तारण, नीतिमत्त्व, प्रायश्चित्त, नीतिमान ठरणे हे शब्द घरात जन्मलेल्या मुलांनाही कळतात असं समजू नका. ऐकून ऐकून तोंडी बसलेले असतात, अर्थ विचारला की गप्प. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून शास्त्राचं भाषांतर केलं ते याच कळकळीने, की साध्या बाईला वाचून समजावं. १९२२ मध्ये देह ठेवीपर्यंत त्या त्याच कामात होत्या. आठवड्याला एकच अवघड शब्द घ्या आणि मुलांना तो घरच्या बोलीत सांगायला लावा.

सुवार्तिक, नेवासे तालुका

शेतातले दाखले (येशूने सांगितलेल्या बोधकथा) शेतात नेऊन सांगा. पेरणाऱ्याचा दाखला (मार्क ४) ऐकून आमच्याकडची मुलं हटकून विचारतात, हा माणूस वाटेवर बी कशाला टाकतो? त्यांनी तिफण पाहिलेली असते, आणि तिफणीचं बी थेट तासात, म्हणजे सरीच्या ओळीत पडतं. त्या देशात बी मुठीने फोकून टाकत, त्यामुळे थोडं पायवाटेवर, थोडं बांधाकडे जायचंच. हे सांगितलं नाही तर पेरणारा निष्काळजी वाटतो आणि मुलांचं लक्ष तिथेच अडकतं.

खडकाळ जमीन म्हणजे गोटे पसरलेलं रान नव्हे. वर चार बोटं माती आणि खाली कातळ, तशी ती जमीन. आपल्या मुरमाड माळासारखी. पातळ माती लवकर तापते म्हणून बी आधी उगवतं, पण मूळ खाली जात नाही आणि ऊन चढलं की रोप माना टाकतं. काट्यांची जमीन तर वरून स्वच्छच दिसते, मुळ्या मातीत शिल्लक असतात. हरळी काढलेल्या वावरात आठ दिवसांनी मुलांना न्या, जास्त बोलावं लागत नाही.

रूथचं दुसरं प्रकरण आपल्यासाठी सोपं आहे, कारण सरवा (कापणीनंतर शेतात मागे राहिलेली कणसं) हा शब्द आपल्या घरातला. लेवीय १९:९-१० मध्ये शेताच्या कडा कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवा असं सांगितलंय. रूथ ज्याच्या शेतात वेचते तो बवाज त्याच्या पुढे जातो: पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम गळू द्या, असं गड्यांना सांगतो (२:१६). रूथने त्या दिवशी झोडून काढलेले जव एक एफाभर भरले. एफा म्हणजे सुमारे २२ लिटर, आपल्या तेलाच्या डब्याने सव्वा ते दीड डबा. एका बाईने दिवसभरात वेचलेल्या धान्याचा एवढा ढीग पाहून तिची सासू नामी विचारते, आज तू कुठे वेचलंस? डबा समोर ठेवून सांगा, नामीचं आश्चर्य मुलांना कळतं. मग कांदा काढताना किंवा ज्वारी खुडताना काय मागे ठेवायचं ते घरात ठरवा. ठरवलं नाही तर धडा कागदावरच राहतो.

पैशांचे दाखलेही असेच मोजून दाखवा. एक दीनार म्हणजे मजुराचा एक रोज. मत्तय १८ मधल्या चाकरावर दहा हजार तालांतांचं कर्ज होतं. एक तालांत सुमारे सहा हजार दीनारांचा, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं होतात. आणि त्याने ज्याचा गळा धरला त्याचं देणं शंभर रोजांचं. हा गुणाकार मुलांना स्वतः करू द्या. उत्तर तुम्ही सांगितलंत तर त्यातला धक्का जातो.

पेटीवादक, पुणे

पट्टी (ज्या स्वरावर ‘सा’ धरतो ती उंची) चुकली की उपासना सुरू होतानाच निम्मं घर गप्प बसतं. गीत उचलण्याआधी अंतऱ्यातला सर्वांत उंच स्वर शोधा आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला तो जोर न लावता लागेल तिथे सा धरा. ध्रुवपदावरून पट्टी ठरवली की अंतऱ्यात मुलं ओरडतात आणि आजी थांबतात.

‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकात पाश्चात्त्य चालींची भाषांतरित गीतं आहेत, तशी आपल्या वृत्तांतली भजनंही आहेत. पाश्चात्त्य चालीवर मराठी शब्द बसवले की जोर भलत्या अक्षरावर पडतो आणि शब्द मधेच तुटतो. तशी गीतं सणाला, पेटीच्या साथीने घ्या. रोजसाठी अभंग बरा: ६, ६, ६, ४ अशी २२ अक्षरं, टाळ पुरतात, पेटी नसली तरी अडत नाही. नारायण वामन टिळकांनी (१८६१ ते १९१९) ख्रिस्ती भक्तीला ही वाट मोकळी करून दिली, त्याचं ऋण मोठं आहे. महिनाभर एकच भजन घ्या. रोज नवं निवडलं तर कुणालाच पाठ होत नाही आणि सगळे पुस्तकात डोकं घालून गातात.

शिक्षक, नाशिक

वचनं पाठ राहत नाहीत याचं कारण उजळणी नसते. पुठ्ठ्याचा लांबट डबा घ्या, त्यात ४१ दुभाजक लावा: ‘रोज’चा एक, ‘सम’ आणि ‘विषम’ असे दोन, वारांचे सात, तारखांचे एकतीस. नवं वचन कार्डावर लिहून ‘रोज’मध्ये. न अडखळता म्हणता आलं की ते सम किंवा विषममध्ये सरकवा, दोनेक आठवड्यांनी वारात, मग तारखेत. दररोज चारच कप्पे उघडायचे असतात, पाच मिनिटांचं काम. अडखळलेलं कार्ड एक कप्पा मागे.

दोन चुका टाळा. ‘रोज’मध्ये एका वेळी एकच कार्ड असू द्या. आणि संदर्भ वचनाच्या आधी व नंतर असा दोनदा म्हणा, नाहीतर शब्द आठवतात आणि ठिकाण आठवत नाही. कार्डांसाठी एकच आवृत्ती धरा. घरात एक आवृत्ती आणि फोनवर दुसरी असली की मुलं दोन्हींची सरमिसळ करतात.

परिचारिका, मिरज

दवाखान्यात वाचायला जाणाऱ्यांसाठी. आधी रुग्णाला विचारा, मग पुस्तक काढा. पाच मिनिटांच्या वर थांबू नका. स्तोत्रं लहान निवडा: २३ वं (६ वचनं), १२१ वं (८), १३० वं (८), ४६ वं (११). फार खचलेल्या माणसाला १३ वं वाचून दाखवा. त्याची सुरुवातच देवाला “किती वेळ?” असं विचारण्यापासून होते, आणि रुग्णाला आपल्या तोंडचं बोलणं ऐकल्यासारखं वाटतं. ‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य खाटेजवळ कधीही नको. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले होते तोवर बरं होतं, बोलू लागले आणि बिघडलं.

तेल लावून प्रार्थना करायची असेल (याकोब ५:१४) तर ऑक्सिजन चालू असताना चेहऱ्याला तेल लावू नका, तेलकट पदार्थ आणि ऑक्सिजन एकत्र पेट घेऊ शकतात. कपाळाऐवजी तळहात चालतो, तोही सिस्टरांना विचारून. मेणबत्ती तर अजिबात नाही. प्रभुभोजन देण्याआधीही त्यांना विचाराच. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेल्या रुग्णाला भाकरीचा तुकडा दिला तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते.

प्रार्थना आणि औषध यांत भांडण लावू नये. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं तेव्हापासून इथे दोन्ही एकाच छपराखाली आहेत.

वसईहून

आम्हा कॅथलिक घरांत संध्याकाळी जपमाळ असते, तिचंही थोडं लिहितो. ५९ मणी, पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे गट), वीसेक मिनिटं. प्रत्येक दशकाला एक रहस्य, म्हणजे मनन करायचा एक प्रसंग. सोमवारी व शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची (ही २००२ पासून). जप यांत्रिक होतो ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय: प्रत्येक दशकाआधी त्या रहस्याची दोन-तीन वचनं वाचा. आनंदाची पाचही रहस्यं लूकच्या पहिल्या दोन अध्यायांत सापडतात. दुसरं म्हणजे, पुढाऱ्याचं वाक्य पूर्ण झाल्याशिवाय उत्तर सुरू करू नका. एकमेकांवर चढून म्हटलं की वेग वाढत जातो.

फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ (राचोल, १६१६) ओवीत आहे. सणाच्या आधी दहा ओव्या संथ चालीत वाचून पाहा, चारशे वर्षांपूर्वीची मराठी कानाला लवकर सरावते.

पाळकांच्या पत्नी, सोलापूर

मुलांच्या आजच्या चुका उपदेशात उदाहरण म्हणून वापरू नका, त्यांची परवानगी असली तरीही. मंडळीसमोर उघडं पडलेलं मूल घरच्या प्रार्थनेत तोंड उघडत नाही. उपासनेच्या वेळी कुणी आलं तर वेळ मोडू नका, त्यांना सतरंजीवर जागा द्या. पाहुणे दुसऱ्या धर्माचे असतील तर आधी सांगा की दहा मिनिटं लागतील, बसायचं असेल तर बसा, आणि त्यांच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करण्यापूर्वी त्यांना विचारा. दशमांश (पगाराचा दहावा भाग) पगार हातात आला त्याच दिवशी वेगळ्या पाकिटात. महिनाअखेरीस उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही.

शिकागोहून

गावाकडच्या घरासोबत व्हिडिओ कॉलवर उपासना घेणाऱ्यांसाठी. पुण्यात रात्रीचे आठ म्हणजे इथे उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. घड्याळं बदलतात त्या आठवड्यात आजी-आजोबांना आदल्या दिवशी सांगा. व्हिडिओ कॉलवर एकत्र गाणं जमत नाही, आवाज मागे-पुढे पोहोचतो. एकाच घराचा माईक चालू ठेवा, बाकीच्यांनी आपापल्या घरी गावं.

पुन्हा अहमदनगरहून

डिसेंबरसाठी एक राहिलं. लूकचे २४ अध्याय, एक तारखेपासून रोज एक, चोवीसला संपतो.

सुवार्तिक, नेवासे तालुका

ताई, यात जन्माची गोष्ट दोन तारखेलाच होऊन जाते आणि नाताळच्या आदल्या रात्री घरात पुनरुत्थान वाचलं जातं. लहान मुलं गोंधळतात.

अहमदनगर

दादा, दहा वर्षांखालच्यांसाठी तुमचं बरोबर. त्यांच्यासाठी चोवीसच्या रात्री लूक २:१-२० परत वाचा. मोठ्या मुलांना मात्र तान्ह्या बाळाचं पुढे काय झालं ते ठाऊक असतानाच गव्हाणीपाशी आणावं, असं मला ठाम वाटतं. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडे), वधस्तंभावरच्या सात उद्गारांतले तीन लूकमध्येच आहेत, तीन योहानात, आणि एक मत्तय व मार्कात. ते त्या दिवशी ओळखीचे वाटतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी चार रात्रींचा आराखडा देते: योना हे पुस्तक, रोज एक अध्याय. पहिल्या रात्री वादळ, दुसऱ्या रात्री माशाच्या पोटातली प्रार्थना (ही मुलाकडून वाचून घ्या), तिसऱ्या रात्री निनवे शहर. माशावर रेंगाळू नका, तो तीनच वचनांत येतो. चौथ्या अध्यायात योना रागावून बसतो, झाड वाळतं, आणि देव त्याला एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांबद्दल आणि पुष्कळ गुराढोरांबद्दल प्रश्न विचारतो. पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं. योनाचं उत्तर लिहिलेलं नाही. तुम्हीही देऊ नका, शास्त्र मिटा आणि ताटं घ्या. मुलं जेवताना बोलू लागतात.