अनुभव धागा: लांबट घर, वेगवान नेट आणि मेश वायफाय. तुमच्याकडे काय चाललं?

जळगाव, जुनं गाव

आमचं घर १५ फूट रुंद आणि ७० फूट लांब, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. पुढे ओसरी, मग बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर, चौक आणि सगळ्यात मागे नवीन स्लॅबची खोली. तिथे बसून मी ऑनलाइन शिकवण्या घेते. गेल्या महिन्यात फायबरचा ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला. बैठकीत २८० मिळतात, मागच्या खोलीत दार उघडं ठेवलं तर १५, लावलं तर तेवढेही नाही. काल दहावीच्या मुलाने तिसऱ्यांदा "मॅडम, आवाज तुटतोय" म्हटलं, तेव्हा मोबाईलच्या डेटावर तास पुरा केला.

आता मेश घ्यायचं नक्की केलंय, म्हणजे एकच वायफाय घरभर पसरवणारे दोन-तीन डबे. दुकानदार दोन डब्यांचा सेट सांगतो, ओळखीचे लोक तीनचा. खान्देशातल्या घरांत ज्यांनी बसवलंय त्यांनी कुठे ठेवलं, काय चुकलं, आता किती मिळतं, हे सविस्तर लिहा.

भुसावळ

ताई, माझी चूक तुम्ही करू नका. रेंज जिथे मुळीच नव्हती, नेमका तिथेच मी दुसरा डबा ठेवला. डब्याला मागून काही मिळालं तरच तो पुढे देणार! मोबाईलवर रेंजच्या काड्या भरून दिसायच्या आणि नेट मात्र रडतखडत. मग तो उचलून मधल्या खोलीत, पहिल्या डब्याची रेंज अजून चांगली येते तिथे आणला. १२ चे ११० झाले. तिथेही आधी लोखंडी कपाटावर ठेवला होता, कपाटामागच्या पलंगावर काहीच येईना. लाकडी फळीवर ठेवल्यावर तेही जमलं. कूलरच्या मागेही ठेवू नका, पत्रा आणि पाणी दोन्ही वायफाय अडवतात.

धुळे

माझा अनुभव लांबलचक आहे, पण पैसे वाचतील म्हणून सगळं लिहितो.

घर बांधतानाच भिंतीतून कॅट ६ वायर (नेटची जाड वायर, आत आठ तारा) टाकून घेतली होती, त्यामुळे वरच्या मजल्याची काळजी नव्हती. ५०० चा प्लॅन, खाली ४८० मिळायचे. वरच्या डब्यावर मात्र ९४. सकाळी ९४, रात्री ९४, डब्याला चिकटून उभं राहिलं तरी ९४. मला वाटलं डबाच खराब. बदलून आणला, तरी ९४. मग दुसऱ्या कंपनीचा महाग सेट घेतला, पुन्हा तेच. नेटवाल्यांकडे दोनदा तक्रार केली, ते म्हणाले आमच्याकडून बरोबर येतंय. आणि ते खरंच बरोबर येत होतं.

शेवटी पुण्याहून भाचा आला. वायर लॅपटॉपला लावून म्हणाला, "मामा, ही वायर शंभरचीच बोलतेय." त्याने प्लग कापून हातात दिला. आत आठ तारा हव्यात, होत्या चारच: नारंगीची जोडी आणि हिरवीची जोडी. निळी आणि तपकिरी वायरमनने कव्हरच्या कडेलाच छाटून टाकली होती. चार तारांवर १०० एमबीपीएसच चालतं आणि टेस्टमध्ये ते ९४-९५ दिसतं. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. दोन्ही टोकांचे प्लग नवीन बसवले, पाच मिनिटांत ४७०. आधीचे दोन्ही सेट चांगले होते.

म्हणून टेस्टचा आकडा ९४-९५ वर अडून बसला असेल तर आधी वायर आणि पोर्ट (वायर खोचायची जागा) बघा, नवीन डबा नंतर. काही स्वस्त मेशच्या डब्यांना पोर्टच १०० चे असतात. खोक्यावर १०/१०० लिहिलं असेल तर तुमच्या ३०० च्या प्लॅनला घेऊ नका, १०/१००/१००० हवं. वायर घेताना शुद्ध तांब्याची मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त पडते, पण वळणावर तुटते.

चाळीसगाव

मी घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतो. धुळ्याच्या दादांनी वायरचं सांगितलंच, मी कारण सांगतो. दोन पट्ट्यांच्या (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, म्हणजे वायफायच्या लहरींच्या दोन वाटा) मेशमध्ये दुसरा डबा त्याच ५ गिगाहर्ट्झवर तुमच्या मोबाईलशीही बोलतो आणि पहिल्या डब्याशीही. त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. तिसरा डबा दुसऱ्याच्या मागे लावला की आणखी घटतो. म्हणून तुमच्या घराला तीन डबे बिनवायरचे लावण्यापेक्षा दोन डबे मध्ये वायर टाकून लावा. वायर शक्यच नसेल तर ट्राय-बँड घ्या, त्यात डब्यांच्या आपसातल्या बोलण्याला वेगळी पट्टी मिळते.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याने हुरळून जाऊ नका. एसी१२०० म्हणजे २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची बेरीज. एका मोबाईलला ते सगळं कधीच मिळत नाही. माझ्याकडे टीपी-लिंक डेकोचा एएक्स३००० सेट आहे, म्हणजे वायफाय ६. मध्ये वायर आहे, तीन वर्षांत कामाचा एकही कॉल तुटलेला नाही.

यावल तालुका

आमचं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर, मातीच्या भिंती दोन-अडीच फुटांच्या. ५ गिगाहर्ट्झ एका भिंतीतच संपतं. भिंत फोडायला आबा तयार नव्हते, बरोबरच होतं त्यांचं. जुन्या धुराच्या भोकातून वायर धाब्यावर काढली आणि पलीकडच्या खोलीत उतरवली. भिंतीचा एक ढेपळा हलला नाही.

अमळनेर

मेश बसवल्यावर फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करा आणि मेशला ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवा, म्हणजे मेश फक्त वायफाय पसरवेल, राउटरचं काम फायबरचा डबाच करेल. नाहीतर दोन-दोन राउटर एकाच घरात भांडतात, आमचा कॅमेरा बाहेरून दिसायचाच बंद झाला होता.

शहादा

पत्र्याखाली डबा ठेवू नका. सोबतच्या कागदावर ४० अंशांपर्यंत चालेल असं छापलेलं होतं, आमच्या पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी त्याहून कितीतरी जास्त असतं. रोज २ वाजता बंद पडायचा. खाली भिंतीला लावला, थांबलं. आणि लाईट गेली की मागचा डबाही जातो, म्हणून दोन्ही डब्यांना छोटा यूपीएस लावा. घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट जुळवून बघा.

रावेर

घरापासून केळीच्या शेडपर्यंत ६० मीटर वायर खांबावरून नेली होती. वळवाच्या पावसात जवळच वीज पडली, दोन्ही टोकांचे पोर्ट जळाले. आता तिथे फायबर टाकलंय, काचेतून वीज वाहत नाही. पुढचे दोन पावसाळे नीट गेले.

जळगाव, जुनं गाव

सगळ्यांचे मनापासून आभार. आज टेपने मोजलं, बैठकीपासून मागच्या खोलीपर्यंत वायरीची वाट वळणं आणि चढउतार धरून २४ मीटर भरते. रविवारी वायरमन येतोय, आठही तारा त्याच्याकडून समोर बसून लावून घेते. रावेरच्या दादा, मध्ये १२ फुटांचा उघडा चौक आहे, तिथे फायबर टाकायला लागेल का?

रावेर

नाही ताई, चौक घराच्या आतच आहे. कॅट ६ चालेल. उन्हाने कव्हर तडकतं म्हणून पाइपातून न्या, लाईटच्या वायरीचा पाइप मात्र वेगळा ठेवा. गच्चीवरून नेऊ नका.